प्रवाळांची ओळखपरेड : हाडे पाहणारे आणि मांस पाहणारे

खाऱ्या पाण्याची टाकी. तळाशी पांढरी वाळू. वाळूवर तळहाताएवढा, मखमली घड्यांचा, लाल-हिरव्या रंगाचा एक जीव पसरलेला. दुकानातील चिठ्ठीवर त्याचे नाव ‘ओपन ब्रेन’. शास्त्रीय ग्रंथांत त्याचे नाव ‘ट्रॅकिफिलिया जोफ्रॉयी’. या नावाचा उगम ज्या चित्रात आहे, ते चित्र ज्याच्या देखरेखीखाली तयार झाले, तो माणूस नाव छापून येईपर्यंत दृष्टी गमावून बसला होता.

घरगुती ॲक्वेरियममध्ये मोठ्या, मांसल पॉलिपांची जी प्रवाळे ठेवली जातात, ती नेमकी कोणती हे ओळखणे आजही कठीण जाते. शौकीन एक नाव सांगतो, विक्रेता दुसरे, पुस्तक तिसरे. हा गोंधळ केवळ अज्ञानाचा नव्हे. त्याला तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात दोन पक्ष आहेत : प्रवाळाचा सांगाडा पाहणारे आणि प्रवाळाचे शरीर पाहणारे. या धाग्यात त्या दोघांची गोष्ट.

प्रारंभ करावा लागतो तो त्याहून मूलभूत प्रश्नापासून. प्रवाळ ही वनस्पती की प्राणी?

मराठी घरांत पोवळे म्हटले की नवरत्नांतील तांबडा मणी आठवतो. तो मणी बहुधा भूमध्य समुद्रातला. लिव्होर्नो आणि मार्सेच्या बाजारांतून हे तांबडे पोवळे शतकानुशतके हिंदुस्थानात येत होते. सतराव्या-अठराव्या शतकांत तर लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी पोवळे धाडून त्याच्या बदल्यात येथील हिरे नेत. म्हणजे ज्या वस्तूचा व्यापार इतका मोठा होता, ती वस्तू मुळात काय आहे याविषयी युरोपातील विद्वानांत एकमत नव्हते. फांद्या दिसतात, म्हणून झाड. कठीण लागते, म्हणून दगड.

१७०६ च्या सुमारास लुइजी मार्सिली या इटालियन सरदाराने पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली. तिच्यावर पांढरी, आठ पाकळ्यांची ‘फुले’ उमललेली पाहून त्याने जाहीर केले की प्रवाळ ही वनस्पती असल्याचा पुरावा सापडला. त्याचा शिष्यवत सहकारी असलेला मार्सेचा वैद्य झाँ-आंद्रे पेसोनेल याने १७२० च्या दशकात हाच प्रयोग पुन्हा केला आणि अगदी उलट निष्कर्ष काढला. स्पर्श होताच आत जाणारी ही ‘फुले’ फुले नव्हतीच. ते लहान प्राणी होते, आणि दगड हे त्यांचे घर होते.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रेओम्यूरने १७२७ साली या मताची चर्चा केली, पण लेखकाचे नाव गाळून. इतक्या विक्षिप्त मताशी नाव जोडले गेल्यास तरुण वैद्याची बेअब्रू होईल, अशी त्याची समजूत. पुढे १७४० च्या दशकात अब्राहाम त्रांब्लेने गोड्या पाण्यातील हायड्राचे प्रयोग केले, बेर्नार द झ्युसिएने किनाऱ्यावर जाऊन स्वतः पाहणी केली, आणि रेओम्यूरने आपली चूक मान्य केली. तोवर पेसोनेल कॅरिबियन बेटांत, ग्वादलूप येथे नोकरीला गेला होता. त्याचे हस्तलिखित अखेर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेले आणि तेथे त्याचा सारांश इंग्रजीत छापला गेला. फ्रान्समध्ये ते जसेच्या तसे प्रसिद्ध झाले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेसोनेल बरोबर ठरला तो भांड्यात समुद्राचे पाणी घालून जिवंत प्राण्याकडे पाहिले म्हणून. वाळलेल्या फांदीकडे कितीही वेळ पाहिले असते तरी त्याला हे उमगले नसते. तथापि पुढील दोनशे वर्षे शास्त्राने नेमका उलट मार्ग धरला.

त्याचे कारणही सरळ होते. सांगाडा टिकतो. मांस कुजते. आशिया-पॅसिफिकमधून युरोपात येणाऱ्या गलबतावर प्रवाळ चढवायचे तर ते धुऊन, वाळवून, पेंढ्यात गुंडाळूनच चढवावे लागे. संग्रहालयाच्या टेबलावर पोहोचत असे ते हाड. लिनियसने बहुतेक दगडी प्रवाळे ‘मॅड्रेपोरा’ या एकाच नावाखाली घातली; पॅलास, एस्पर, लामार्क यांनी त्याचे विभाग पाडले. परंतु सर्वांच्या हाती होते ते पांढरे, कोरडे नमुने.

आता तो दृष्टी गमावलेला माणूस.

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा त्याच्या फौजेबरोबर विद्वानांचा एक मोठा ताफा होता. त्यात एकवीस वर्षांचा झ्यूल-सेझार साव्हिन्यी हा प्राणिशास्त्रज्ञ होता. तांबड्या समुद्रातील व भूमध्यातील अपृष्ठवंशीय प्राणी गोळा करणे हे त्याचे काम. परतल्यावर ‘देस्क्रिप्स्यों द लेजिप्त’ या प्रचंड ग्रंथमालेसाठी त्याने अत्यंत बारकाईच्या चित्रफलकांची तयारी केली. चित्रे झाली, पण वर्णने लिहिण्यापूर्वीच डोळ्यांच्या दुर्धर विकाराने त्याला गाठले. १८२४ नंतर तर काम करणे अशक्यच झाले. अखेरीस व्हिक्तोर ओदुअँ या तरुण सहकाऱ्याकडे ती चित्रे देण्यात आली. साव्हिन्यीच्या टिपणांवाचून, केवळ फलक पाहून त्याने १८२६ साली संक्षिप्त स्पष्टीकरणे लिहिली आणि नावे दिली. टाकीतल्या ‘ओपन ब्रेन’च्या जातिनामामागे आजही ‘ओदुअँ, १८२६’ असे लिहिले जाते. साव्हिन्यी १८५१ पर्यंत जगला, बराचसा काळ प्रकाशापासून डोळे झाकून.

याहून जुना एक योगायोग असा की मलुकू बेटांतील अम्बोन येथे डच कंपनीच्या चाकरीत असलेला रुम्फियस हाही १६७० मध्ये आंधळा झाला होता. त्याच्या ‘अम्बोनच्या वनस्पतिकोशा’त प्रवाळांना स्वतंत्र भाग आहे, वनस्पतिकोशात, कारण तेव्हा ती वनस्पतीच समजली जात. ॲक्वेरियमच्या बाजारात येणारी असंख्य प्रवाळे आज ज्या इंडोनेशियन समुद्रांतून येतात, त्यांचे हे पहिले मोठे वर्णन.

साव्हिन्यीच्या काळानंतर पॅरिसमध्येच आंरी मिल्न-एदवार्द्स आणि झ्यूल एम या दोघांनी दगडी प्रवाळांच्या वर्गीकरणाची खरी चौकट बसवली. १८४८ पासून त्यांचे प्रबंध येऊ लागले, आणि १८५७ ते १८६० दरम्यान तीन खंडांचा ग्रंथ. एम त्याआधीच, १८५६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला. त्यांची पद्धत सांगाड्याची : पॉलिप ज्या वाटीत बसतो त्या वाटीतील उभी चुनखडी पाती किती, त्यांच्या कडांना दात कसे, भिंती एकमेकींना चिकटल्या आहेत की सुट्या. ‘ट्रॅकिफिलिया’ ही प्रजाती त्यांनीच स्थापिली. टाकीत काचेच्या फुग्यांप्रमाणे फुगणाऱ्या ‘सायनारिना लॅक्रिमॅलिस’चे जातिनामही त्यांचेच, लॅटिनमध्ये ‘लाक्रिमा’ म्हणजे अश्रू.

(मराठी वाचकांसाठी खुलासा : येथे प्रजाती म्हणजे जीनस, आणि जाती म्हणजे स्पीशीज. वृत्तपत्रांत हे शब्द सर्रास उलटसुलट वापरले जातात, आणि ओळखीच्या अर्ध्या घोटाळ्याला तेवढे पुरते.)

गंमत अशी की पॅरिसमध्ये हाडांची मोजदाद चालू असतानाच लंडनमध्ये एक बाई मांस पाहत होती. ॲना थिन ही वेस्टमिन्स्टरच्या धर्मपीठातील एका उच्चाधिकाऱ्याची पत्नी. १८४६ च्या शरद ऋतूत टॉर्कीच्या किनाऱ्यावर तिला ‘मॅड्रेपोर’, म्हणजे ब्रिटिश समुद्रातील एकेकटे राहणारे दगडी प्रवाळ, सापडले. सुईदोऱ्याने तिने ते एका मोठ्या स्पंजाला शिवले आणि पाण्याच्या भांड्यातून लंडनला आणले. ते जगवायचे कसे? समुद्राचे पाणी मिळेल तेव्हा बदलायचे; न मिळाल्यास मोलकरणीने उघड्या खिडकीपाशी उभे राहून रोज अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळेल. पुढच्या वर्षी तिने समुद्रशैवाल घातले आणि पाणी आपोआप टिकू लागले.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला. त्या लाटेची आठवण काढताना गॉसचे नाव नेहमी घेतले जाते, परंतु समुद्री टाकीत दगडी प्रवाळ वर्षानुवर्षे जगवून, त्याची वाढ व पिल्ले पाहून टिपणे ठेवणारी बाई त्याच्या आधीची होती. तिची टिपणे १८५९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही गॉसच्या पुस्तीसह. त्या मोलकरणीचे नाव या कथेत कोठेच येत नाही.

उष्ण समुद्रातील प्रवाळ घरात जगवणे मात्र पुढची शंभर वर्षे जमले नाही. प्रकाश, उष्णता आणि पाण्याची शुद्धता या तिन्ही गोष्टी एकदम सांभाळणे कठीण होते. वळण आले ते जाकार्तातून. तेथील ली चिन एंग याने आपल्या टाक्यांत ताजे समुद्राचे पाणी, जीवजंतूंनी भरलेले खडक आणि जिवंत प्रवाळ घातले, आणि गाळणयंत्राऐवजी केवळ हवेचे बुडबुडे सोडले. १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात त्याने ही ‘निसर्गपद्धत’ मांडली. पुढे जर्मन शौकिनांनी त्यात फेस काढणारे यंत्र, चुन्याचे पाणी आणि तीव्र दिवे यांची भर घातली. हीच ‘बर्लिन पद्धत’. १९९४ मध्ये डेल्बीक व स्प्रंग यांच्या ‘द रीफ ॲक्वेरियम’चा पहिला खंड आला, तोवर प्रवाळ पाळणे हा युरोप-अमेरिकेत बऱ्यापैकी रुळलेला छंद झाला होता.

आणि येथेच दोन्ही पक्ष समोरासमोर आले. लक्षावधी लोकांच्या घरी आता मांस दिसत होते. पुस्तके मात्र हाडांची होती. शौकिनांनी आपल्या सोयीने ‘मोठ्या पॉलिपांची दगडी प्रवाळे’ असा गट केला, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एलपीएस’. शास्त्राच्या कोणत्याही फडताळात हा कप्पा नाही. एकाच टाकीत शेजारी बसलेली ‘हॅमर’ आणि ‘ओपन ब्रेन’ ही दोन ‘एलपीएस’ प्रवाळे दगडी प्रवाळांच्या ज्या दोन महाशाखांत मोडतात, त्यांची फारकत ३० कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी झाली असे जनुकीय अभ्यास सांगतो. तेव्हा डायनोसॉरही नव्हते.

शास्त्राच्या बाजूनेही एक माणूस पाण्यात उतरला होता. जॉन व्हेरॉन, १९४५ साली सिडनीत जन्मलेला. चार्ल्स डार्विनवरून पडलेल्या ‘चार्ली’ या टोपणनावानेच अधिक ओळखला जाणारा. ग्रेट बॅरियर रीफवर शेकडो तास पाण्याखाली घालवल्यावर त्याच्या लक्षात आले की एकच जाती उथळ पाण्यात एक रूप घेते आणि खोल, गढूळ पाण्यात दुसरे. संग्रहालयातल्या फळीवर ती दोन रूपे दोन जाती म्हणून मिरवत होती. १९७६ ते १९८४ दरम्यान त्याने सहकाऱ्यांसह पूर्व ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांवर पाच भाग प्रसिद्ध केले, आणि २००० मध्ये ‘कोरल्स ऑफ द वर्ल्ड’चे तीन खंड. जिवंत प्रवाळांच्या रंगीत छायाचित्रांमुळे हे खंड शौकिनांची पोथीच बनले.

त्या कामातील सर्वांत बोलका प्रसंग ‘हॅमर’ आणि ‘फ्रॉगस्पॉन’ यांचा. या दोन प्रवाळांचे सांगाडे एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. फरक आहे तो फक्त संस्पर्शकांच्या, म्हणजे पाण्यात हलणाऱ्या मऊ बोटांच्या, टोकांत : एकाचे टोक हातोडीसारखे किंवा नांगरासारखे आडवे, दुसऱ्याला लहान गाठींसारख्या शाखा. व्हेरॉन व मिशेल पिशों यांनी १९८० मध्ये त्यांना ‘अँकोरा’ आणि ‘डिव्हायझा’ अशी नावे दिली. ‘अँकोरा’ म्हणजे जहाजाचा नांगर. दोनशे वर्षे हाडांवर चाललेल्या शास्त्राला एक जाती मांसावरून मान्य करावी लागली. जवळचीच ‘टॉर्च’ म्हणून विकली जाणारी ‘युफिलिया ग्लॅब्रेसन्स’ मात्र १८२१ पासून नोंदलेली आहे. तिच्या नामकर्त्यांपैकी एक आदेलबेर्ट फॉन शामिसो, आपली सावली विकणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिणारा जर्मन लेखक.

पण व्हेरॉनचीही ओळखपरेड पुढे मोडली. २००४ मध्ये हिरोनोबु फुकामी, ॲन बड, नॅन्सी नोल्टन व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांतील जी प्रवाळे सांगाड्याच्या साम्यावरून एका कुलात बसवली होती, ती वस्तुतः फार प्राचीन काळी वेगळी झालेली आहेत. एकसारखी हाडे दोन महासागरांत स्वतंत्रपणे घडली होती. मग जनुके आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पात्यांची सूक्ष्म रचना ताडून फेरमांडणी सुरू झाली. २०१२ मध्ये ट्रॅकिफिलियाचे स्वतंत्र कुल मोडून तिला मेरुलिनिडी कुलात घालण्यात आले. २०१६ मध्ये लोबोफिलिडी कुलाची झाडाझडती झाली आणि शौकिनांच्या तोंडी बसलेली नावे एकामागून एक गळाली.

ज्याच्यासाठी शौकीन वाटेल ती किंमत मोजत तो ऑस्ट्रेलियाचा ‘स्कॉली’, म्हणजे ‘स्कोलिमिया ऑस्ट्रेलिस’, आता ‘होमोफिलिया ऑस्ट्रेलिस’ झाला. ‘स्कोलिमिया’ हे नाव अटलांटिकवासीयांकडे राहिले. ‘ॲकन’ म्हणून ओळखली जाणारी ‘ॲकँथास्ट्रिया लॉर्डहोवेन्सिस’ झाली ‘मायक्रोमुसा’. ‘सिम्फिलिया’ ही प्रजातीच ‘लोबोफिलिया’त विलीन झाली. उलट ‘ॲकँथोफिलिया’, जिला व्हेरॉन-पिशोंनी सायनारिनात जमा केले होते, ती पुन्हा स्वतंत्र उभी राहिली. या शेवटच्या बाबतीत शौकिनांची नजर शास्त्राच्या आधी बरोबर होती, असे म्हणण्यास हरकत नाही. सायनारिनाचे पारदर्शक फुगे आणि ॲकँथोफिलियाचे जाड, सुरकुतलेले, अपारदर्शक मांस यांतला फरक टाकीसमोर रोज बसणाऱ्याला कधीच अमान्य नव्हता.

मग आज टाकीसमोर उभे राहून काय पाहावे? पहिली गोष्ट तळ. ट्रॅकिफिलिया खडकाला न चिकटता वाळूत मोकळी राहते, तिच्या सांगाड्याचा तळ शंकूसारखा निमुळता आणि आकार बहुधा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, एक ते तीन तोंडांचा. होमोफिलिया खडकाला घट्ट चिकटलेली, गोल, मांस सांगाड्यावर ताणून बसवल्यासारखे; ती फारशी फुगत नाही. सायनारिना दिवसा इतकी फुगते की आतील जाड, मोठ्या दातांची पाती काचेतून दिसावीत तशी दिसतात. मायक्रोमुसामध्ये अनेक लहान पॉलिप एकमेकांना खेटून असतात. लोबोफिलियाचे पॉलिप बहुधा सुट्या खोडांवर असतात. ज्यांना पूर्वी सिम्फिलिया म्हणत त्यांच्यात ती खोडे जोडलेली, आणि जोडलेल्या भिंतीच्या माथ्यावरून एक बारीक खाच गेलेली. रंग पाहू नये. रंगाने आजवर जितके फसवले आहे तितके दुसऱ्या कशानेच नाही. दिवा बदलला की तोच प्राणी निराळा भासतो. रात्री दिवे मालवल्यावर भक्ष्यासाठी संस्पर्शक बाहेर येतात, ते पाहणे अधिक उपयोगाचे.

तरीही खात्री हवी असेल तर सांगाडा पाहावा लागतो, आणि सांगाडा पाहायचा तर प्राणी मेलेला असावा लागतो. पेसोनेलच्या भांड्यापासूनची ही अडचण अद्याप सुटलेली नाही.

हा सारा नामघोळ नुसत्या पंडितांचा खेळ राहिलेला नाही. १९८५ मध्ये काही दगडी प्रवाळे, आणि १९९० पासून सगळीच, ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय करारातील दुसऱ्या परिशिष्टात आली. सीमेपलीकडे नेताना परवाना हवा आणि परवान्यावर नाव हवे. समुद्रातून किती नग काढायचे याची मर्यादाही नावागणिक ठरते. बंदरावरील अधिकाऱ्याला पिशवीतल्या पाण्यात आक्रसलेला मांसाचा गोळा दिसतो, हाड दिसत नाही. म्हणून अनेक प्रवाळांच्या बाबतीत जातीऐवजी केवळ प्रजातीचे नाव लिहिण्याची मुभा करारात द्यावी लागली. पण दोन प्रजाती एक झाल्या, किंवा एकीच्या दोन झाल्या, की कालपर्यंतच्या नोंदी आजच्या नोंदींशी जुळेनाशा होतात. दुर्मीळ काय आणि विपुल काय, हे ज्या आकड्यांवरून ठरवायचे ते आकडेच दुसऱ्या कुणाच्या नावे जमा असतात.

भारताने हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणारी सर्व दगडी प्रवाळे एकगठ्ठा घालण्यात आली. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. समुद्रातून ती काढणे, बाळगणे, विकणे गुन्हा. येथे अधिकाऱ्याला जाती ओळखावी लागत नाही. समोरची वस्तू दगडी प्रवाळ आहे एवढे कळले की पुरे.

समुद्रात मात्र ओळख लागतेच. मालवणच्या किनाऱ्याला लागून प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गापासून पश्चिमेस शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून नकाशांत ते ‘आंग्रिया बँक’ म्हणून नोंदलेले आहे. त्याचा माथाही वीसेक मीटर खोल असल्याने तेथे पाणबुड्यांना पाटी आणि कॅमेरा घेऊन उतरावे लागते, आणि वर आल्यावर प्रत्येक छायाचित्राखाली कोणते नाव लिहायचे हे ठरवावे लागते.